पहिला आकडा

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. बाकी सगळे त्याला काटा म्हणत. तराजूचा असतो तो काटा, पायात मोडतो तो नव्हे. अर्थात ज्यांच्या नोंदी त्याने परत पाठवल्या होत्या त्यांना हा फरक फारसा पटत नसे. कुणी प्राण्याचं वजन 'साधारण नऊशे ग्रॅम' असं लिहिलं, की काटा ते पान घेऊन त्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राही. आवाज चढवत नसे, चारचौघांत पाणउतारा करत नसे. नुसता विचारी, साधारण म्हणजे किती? आणि उत्तर मिळाल्याशिवाय जागचा हलत नसे. माणूस शरमेनेच उठून पुन्हा वजन करायला जाई.

बावीस वर्षं तो प्राणिघरात होता. लशी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेची ही मागची बाजू. लांबलचक बोळ, दोन्ही टोकांना दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही असली, आणि मधे फेरेटच्या खोल्या. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबुडका, मऊ, नको तितका चौकस प्राणी. त्याला इथे पोसायचं कारण एकच. माणसाला फ्लू जसा होतो, तस्साच त्याला होतो. उंदराला फ्लू झाला तर तो कोपऱ्यात फुगून बसतो आणि त्याच्या मनातलं कुणाला काही कळत नाही. फेरेटला ताप चढतो, नाक गळतं, आणि तो आजारी म्हाताऱ्यासारखा सगळ्यांना ऐकू जाईल असा शिंकतो.

पण जे कामाचं तेच धोक्याचं. माणसाचा फ्लूही फेरेटला लागतो, आणि पटकन लागतो. म्हणून पहिल्या दाराशी एक वही ठेवलेली होती आणि वहीला दोरीने बांधलेला एक थर्मामीटर. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आधी आपला ताप बघायचा, वहीत लिहायचा, सही करायची. साडेसदतीस किंवा वर भरला, किंवा नाक गळत असलं, तर आल्या पावली घरी जायचं. का म्हणून कुणी विचारणार नाही, उलट आभार मानतील, असा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लावला होता.

आता नियम कितीही ठळक असला तरी माणसं ती माणसंच. सकाळी घाईत असलेला प्रत्येक जण थर्मामीटर न उचलताच 'छत्तीस-सहा' लिहून आत सटकायचा. एका पानावर ओळीने अकरा जणांचा ताप छत्तीस-सहा पाहून काटा म्हणाला होता, एकाच आईची लेकरं असतील. त्या दिवसापासून लोक निदान थर्मामीटर काखेत धरायला लागले. खुद्द काट्याने बावीस वर्षांत एकदाही मनाचा आकडा लिहिला नव्हता. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि सगळ्यांत जास्त बाईंना माहीत होती.

बाई म्हणजे लशीच्या विभागाच्या प्रमुख. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, बोलायला सपक आणि कामाला वाघ. नोंदीच्या प्रत्येक पानाखाली त्यांची सही लागे. दुसऱ्यांची पानं त्या चष्मा लावून ओळ न् ओळ वाचायच्या. काट्याचं पान आलं की चष्मा कपाळावरच राही आणि सही खाली होई. कुणी तरी एकदा कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, काट्याचा आकडा वाचायचा नसतो, त्याखाली सही करायची असते. काट्याने हे वाक्य घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं. तीनदा.

बाईंनी सहा वर्षं खपून एक नवा विषाणू घडवला होता. जिवंत लशीसाठी. ही लस टोचत नाहीत, नाकात फवारतात, आणि तिच्यातला विषाणू मेलेला नसतो. त्याची खोड मोडलेली असते. रस्त्यावर फिरणारा ताजा फ्लू एकीकडे आणि थंडीत वाढायला शिकवलेला एक जुना मवाळ विषाणू दुसरीकडे, अशा दोघांची कोंबडीच्या अंड्यात गाठ घालून द्यायची. त्यांच्या हजारो पिल्लांतून असं एक वेचायचं, की ज्याचा वरचा अंगरखा रस्त्यावरच्या फ्लूचा पण आतला स्वभाव मवाळ. असा विषाणू नाकाच्या गारव्यात वाढतो, शरीराला ओळख करून देतो आणि फुप्फुसाच्या उबेत त्याचं काही चालत नाही. पायरीवर बसून चहा पिऊन जाणारा पाहुणा. घरात शिरायचा नाही.

तो खरंच शिरत नाही ना, हे बघणं फेरेटचं काम. आणि फेरेटना बघणं काट्याचं.

नऊ फेरेट घेतले होते. तिघांच्या नाकात नुसतं मिठाचं पाणी, ते वेगळ्या खोलीत. सहांच्या नाकात बाईंचा विषाणू. मग चौदा दिवस रोज ताप, रोज वजन, ठरलेल्या दिवशी नाकात फिरवून घेतलेला कापसाचा बोळा. बाईंची ही शेवटची चाचणी होती. त्या दोन महिन्यांनी निवृत्त व्हायच्या होत्या आणि जाताना हा विषाणू लस बनवणाऱ्यांच्या हाती सोपवून जायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण बोळातल्या फरशीलासुद्धा ठाऊक होती.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी काटा सकाळी उठला तो घसा खवखवतच. चार दिवसांपूर्वी लेक शाळेतून तापाने फणफणून आली होती. तिच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होती. काटा तिच्यापासून लांब राहिला होता, म्हणजे त्याच्या मते लांब. पोरीने बाबा म्हणून हाक मारल्यावर बाप किती लांब राहणार? बायकोने त्याच्या कपाळाला हात लावला, काही न बोलता तापाची गोळी आणि पाणी आणून दिलं, आणि फोन करून कळवा म्हणाली. तो हो म्हणाला. गोळी खिशात टाकली आणि बस धरून कामावर गेला.

फोन त्याने केला नाही. त्याचा जोडीदार बायकोच्या बाळंतपणासाठी गावी गेला होता. या चाचणीतले प्राणी हाताळायची परवानगी असलेला तिसरा माणूस नव्हता. एका दिवसाच्या नोंदी राहिल्या की चाचणी बाद, नवे फेरेट यायला चार महिने, आणि तोवर बाई घरी. हे सगळं खरंच होतं. पण यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती आणि ती त्याने स्वतःलासुद्धा बरेच दिवस सांगितली नाही: बावीस वर्षांत चाचणी चालू असताना काट्याचा खाडा पडला नव्हता, आणि त्याला तो पडू द्यायचा नव्हता.

सात वाजून चाळीस मिनिटांनी त्याने दाराशी थर्मामीटर काखेत धरला. सदतीस-नऊ.

त्याने तो झटकला. पेन उचललं, ठेवलं. मग कपडे बदलायच्या खोलीतल्या नळावर गोळी घेतली आणि बाकावर जाऊन बसला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. पस्तीस मिनिटं तो त्या घड्याळाकडे बघत बसला. इतका वेळ तो त्या बाकावर आजवर कधी टेकला नव्हता. मग उठून त्याने पुन्हा ताप बघितला. छत्तीस-नऊ. तोच त्याने वहीत लिहिला, शेजारी सव्वाआठ अशी वेळ घातली आणि सही केली.

आकडा शंभर टक्के खरा होता. खोटं बोलायला माणसाला दर वेळी खोटा आकडा लागतोच असं नाही.

आत त्याने सगळं रीतसर केलं. अंगरखा, टोपी, दुहेरी हातमोजे, मास्क. आधी मिठाच्या पाण्याचे तीन, मग दुसऱ्या खोलीतले सहा. एक, दोन, तीन झाले. चौथ्या पिंजऱ्यात एक मादी होती, तिला हातमोज्याचं बोट तोंडात धरून ठेवायची खोड होती. नाव ठेवायची इथे रीत नव्हती, म्हणून तो तिला चौथी म्हणायचा, पण ज्या आवाजात म्हणायचा ते नावच होतं. तिला पिंजऱ्याबाहेर घेतली तेव्हा मास्क आतून ओला झाला होता आणि चष्म्यावर वाफ धरली होती. थर्मामीटरवरचा आकडा दिसेना. त्याने मास्क जरासा खाली ओढला. एवढ्यात शिंक आली. कोपर तोंडाशी नेलं खरं, पण चौथी त्याच कोपरात होती.

तिने नाक पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा त्याचं बोट धरलं.

काट्याचा ताप त्या रात्रीतच उतरला, पुढच्या सकाळी गोळी लागली नाही. चाचणीच्या पाचव्या दिवशी चौथीला ताप चढला. चाळीस-चार. सहाव्या दिवशी शेजारच्या पाचव्यालाही. दोघं शिंकायला लागली. काट्याने दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले. नाकातल्या बोळ्यांतून निघालेला विषाणू एकोणचाळीस अंशांत ठेवला, तर थंडीतल्या विषाणूने जिथे मान टाकायला हवी होती तिथे तो ऐटीत वाढला. सातव्या दिवशी दोघांना सुईने कायमचं झोपवून फुप्फुसं बघायची ठरली. चौथीला काट्याने धरलं. सुई देताना तिने बोट सोडलं नाही, सुटलं ते नंतर, आपोआप. बाईंनी स्वतः चिरलं. फुप्फुसावर जांभळट चट्टे होते. बाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "माझी चूक. उलटला हा. मवाळपणा टिकला नाही त्याचा."

काटा शेजारीच ताट धरून उभा होता. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं. त्याने ताट दुसऱ्या हातात घेतलं.

एका तरुण शास्त्रज्ञाने तेव्हा विचारलंही होतं, की बाहेरून काही आलं नसेल कशावरून? रस्त्यावर तोच फ्लू चालू आहे, दोघांचा अंगरखा एकच, वरवरच्या चाचण्यांत फरक कळणार नाही. आतली जनुकं वाचायला पाठवू या. जनुकं वाचणारी प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात होती आणि तिथली रांग सात आठवड्यांची. बाईंनी दाराशी ठेवलेली वही मागवली. त्या आठवड्यात या फेरेटजवळ गेलेला माणूस एकच होता. त्यांनी त्याच्या आकड्यांवरून बोट फिरवलं, चष्मा कपाळावरच होता, आणि वही मिटली. काट्याचे आकडे आहेत, म्हणाल्या, मग शंका कशाला काढायची? स्वतःच्या विषाणूचा बचाव करायला दुसऱ्यावर संशय घेणाऱ्यांतली मी नव्हे.

सहा वर्षांच्या कामावर अविश्वास दाखवणं त्यांना काट्याच्या एका ओळीवर अविश्वास दाखवण्यापेक्षा सोपं गेलं. हे काट्याच्या जिव्हारी लागलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

पुढचे दहा-बारा दिवस त्याने स्वतःची समजूत घालण्यात घालवले. साधी सर्दी असेल. ऋतू बदलतोय. सर्दीचे विषाणू शंभर असतात, त्यातला एखादा. उरलेल्या चार फेरेटना तर काही झालं नाही, मग? पण मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं झालं होतं. समजूत घालणारा तोच आणि उलटतपासणी घेणाराही तोच. लेक बरी होऊन घरभर उड्या मारत होती, तिच्याकडे बघितलं तरी त्याला चौथी आठवायची आणि मग आपण लेकीशेजारी कुणाला बसवतोय याची लाज वाटायची.

मग कळलं की शुक्रवारी अकरा वाजता समितीची बैठक आहे. बाईंचा विषाणू यादीतून काढायचा आणि फ्रिजरमधल्या त्याच्या सगळ्या कुप्या वाफेच्या भट्टीत घालून नष्ट करायच्या, असा ठराव होता. ठराव बाईंनीच मांडला होता. नष्ट झालं की झालं; मग जनुकं वाचून कुणाचं भलं होणार नव्हतं.

त्या बुधवारी संध्याकाळी बायको पोस्टातल्या कामावरून आली तेव्हा तो स्वयंपाकघरात पेला हातात धरून उभा होता आणि पेला रिकामा होता. तिने चपला काढता काढता विचारलं, काय झालं? त्याने सगळं सांगितलं. बाक, घड्याळ, पस्तीस मिनिटं, कोपर. शेवटी, गोळी घेतली नसती तर आत गेलोच नसतो, असंही म्हणाला. म्हणजे थोडंसं तिच्याही पदरात टाकून बघितलं.

बायको दिवसभर खिडकीवर लोकांच्या कागदांतल्या चुका काढणारी. ती ऐकून घेईल पण गिळून घेणार नाही.

"गोळी मी दिली," ती म्हणाली. "पण घरी झोपायला दिली होती. वहीत लिहायला नव्हती दिली."

तो खुर्चीत बसला. मग तिने विचारलं, की फ्लूच होता हे नक्की आहे का? नक्की नाही, तो म्हणाला. आणि हे म्हणताना त्याला दिसलं, की नक्की करण्याचा रस्ता इतके दिवस समोर होता आणि आपण मुद्दाम तिकडे पाठ करून बसलो होतो. दर वर्षी फ्लूचा मोसम सुरू होण्याआधी प्राणिघरातल्या प्रत्येकाचं थोडं रक्त काढून ठेवत. त्याचंही फ्रिजरमध्ये होतं. आजारपणाला तीन आठवडे होत आले होते. आज पुन्हा रक्त काढलं, तर आधीच्या आणि आताच्या रक्तात फरक पडलाय का, हे कळण्यासारखं होतं.

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेच्या दवाखान्यातल्या सिस्टरने त्याचं रक्त काढलं आणि तो दोन नळ्या घेऊन प्लेटवालीकडे गेला. प्लेटवाली म्हणजे लाल पेशींची चाचणी करणारी पोरगेलीशी तंत्रज्ञ, तोंडाने फटकळ आणि हाताने चोख. तिने नळ्यांवरची नुसतीच 'आधी' आणि 'नंतर' ही अक्षरं वाचली आणि विचारलं, "कुठल्या फेरेटचं हो, काका?"

"मोठ्या," काटा म्हणाला.

ती हसली, आणि शुक्रवारी सकाळी वाचू म्हणाली. रक्तातला पातळ भाग एक रात्र औषधात मुरवावा लागतो, त्याला इलाज नव्हता.

शुक्रवारी नऊला तिने प्लेट मांडली. प्लेट म्हणजे तळहाताएवढी, छोट्या खळग्यांच्या ओळी असलेली पट्टी. वरच्या ओळीत 'आधी', खालच्या ओळीत 'नंतर', दर खळग्याला रक्त निम्मं निम्मं पातळ होत गेलेलं. त्यात फ्लूचा विषाणू, आणि अर्ध्या तासाने वरून लाल पेशींचा थेंब. रक्ताने तो फ्लू आधी कधी पाहिला नसेल, तर विषाणू पेशींना जखडून ठेवतो आणि खळग्यात नुसता गुलाबी धुरकट पडदा दिसतो. पाहिला असेल, तर रक्त विषाणूला आवरतं, आणि मोकळ्या सुटलेल्या पेशी तळाशी जमून लालबुंद टिकली होते.

काटा स्टुलावर बसून बघत राहिला. पुन्हा एकदा घड्याळ आणि पुन्हा एकदा वाट. वरच्या ओळीत पडदा पसरला, दुसऱ्या खळग्यापासूनच. खालच्या ओळीत पहिल्या खळग्यात टिकली धरली. दुसऱ्यात. तिसऱ्यात. तो मनात म्हणत होता, आता थांब. चौथ्यात धरली, पाचव्यात, सहाव्यात. सातव्यात धरली तेव्हा त्याने मोजणं सोडून दिलं. आठव्यात कुठे पडदा आला.

प्लेटवालीने शीळ घातली. मोठ्या फेरेटला चांगलाच झाला होता फ्लू, म्हणाली. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. ती एरवी बोलायची थांबत नसे. आत्ता तिने फक्त एवढं सांगितलं, की अर्ध्या तासात वाचली नाही तर टिकल्या ढासळतील आणि हिसका बसला तर त्याच्याही आधी.

घड्याळात पावणेअकरा. बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या पुढच्या टोकाला. काट्याने प्लेट दोन्ही हातांत घेतली आणि निघाला. लिफ्ट त्याने टाळली, ती थांबताना धक्का देते. त्याने कोपरं बरगड्यांना आवळून धरली आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, म्हाताऱ्यासारखा वर गेला. खाली उतरणारे बाजूला झाले. कुणी तरी काय काका, काय हे, असं विचारलं. त्याने मान वर केली नाही. लपवायचं ठरवलेल्या माणसाने ही प्लेट एकदा जोरात हलवली असती तरी पुरलं असतं, हा विचार त्याच्या मनात आला. आला हे त्याने पुढे बायकोला सांगितलं. पण हलवली नाही.

बैठकीत पाच माणसं होती. टेबलाच्या टोकाला संचालक, शेजारी बाई, आणि बाहेरून आलेले तीन तज्ज्ञ. बाईंच्या पुढ्यात ठरावाचा कागद होता. काटा आत शिरला आणि सरळ बाईंजवळ जाऊन प्लेट कागदावर ठेवली.

बाईंनी सवयीने ती उचलली, उजेडाकडे धरली आणि तिरपी केली. खालच्या ओळीतल्या सात टिकल्या अश्रूंसारख्या ओघळल्या. चाचणी पक्की असल्याची ती खूण.

"वरचं आधीचं आणि खालचं नंतरचं," त्या म्हणाल्या. "कुठल्या पिंजऱ्यातलं?"

"माझं आहे, बाई."

मग त्याने सांगितलं. त्याला वाटलं होतं खूप वेळ लागेल, पण खऱ्या गोष्टीला पाचसहा वाक्यंच लागतात. लेकीचा ताप. सात-चाळीसचा आकडा. गोळी. बाक. सव्वाआठचा आकडा. चौथ्या पिंजऱ्यापाशी ओढलेला मास्क. मी तुम्हाला फसवलं, असंही तो म्हणाला, आणि चौथीलाही.

संचालक कायद्याने बोलणारा माणूस होता. वाईट नव्हता, पण त्याने बोट ठेवलं ते बरोबर दुखऱ्या जागी. रक्त एवढंच सांगतं, तो म्हणाला, की यांना फ्लू झाला. कुणाकडून कुणाला गेला ते रक्त सांगत नाही. विषाणू खरोखरच उलटला असेल आणि फेरेटकडूनच यांना लागला असेल तर?

"मला आधी झाला," काटा म्हणाला. "फेरेटना पाचव्या दिवशी ताप आला. मला दुसऱ्या दिवशी सकाळी होता. सदतीस-नऊ."

"वहीत छत्तीस-नऊ आहे."

"तोही खराच आहे, साहेब."

तज्ज्ञांपैकी एक जण खाकरला. काट्याला समजलं, की आपण कुठे येऊन उभे राहिलो आहोत. बाईंची सहा वर्षं वाचवायला आता एकच आकडा हवा होता, आणि तो एकच आकडा त्याने लिहिला नव्हता. बावीस वर्षांत लिहिलेले हजारो आकडे इथे काही कामाचे नव्हते. उरला होता नुसता त्याचा शब्द, आणि त्या शब्दाची काय पत राहिली, हे आत्ताच त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

बाई प्लेटकडे बघत होत्या. त्या बोलल्या तेव्हा आवाज नेहमीसारखाच सपक होता.

"चौथीला मी चिरलं. फुप्फुस हातात घेऊन म्हटलं, माझी चूक. तू ताट धरून शेजारी उभा होतास."

"हो, बाई."

"ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. काट्याने त्या रागाची तीन आठवडे तयारी केली होती, आता ती घेऊन कुठे जायचं ते त्याला कळेना. बाईंनी शिपायाला सांगून दाराशी ठेवलेली वही मागवली. ती येईपर्यंत त्यांनी समितीला विचारलं, की ठराव पुढे ढकलायला कुणाची हरकत आहे का? नाकातले बोळे आजच जनुकं वाचायला पाठवता येतील. कुप्या तोवर फ्रिजरमध्ये राहतील. उत्तर सात आठवड्यांनी येईल. संचालकाने हिशेब करून हळूच आठवण दिली, की बाई सात आठवड्यांनी खुर्चीत नसतील, नवीन माणूस आलेला असेल, आणि त्याच्यासमोर कागद काय असेल, तर वहीतला आकडा आणि प्राणिघरातल्या एका तंत्रज्ञाची तोंडी हकिकत. तोंडीवर कोण किती विसंबणार? काट्याला आता प्राणिघरात पाऊल टाकता येणार नाही, हेही त्याने त्याच दमात सांगितलं. सोमवारपासून अंडी तपासायच्या खोलीत. काटा बरं म्हणाला. ते त्याला कमीच वाटलं.

वही आली. बाईंनी ते पान काढलं, त्याच्यापुढे सरकवलं आणि स्वतःचं पेन दिलं.

"पहिला आकडा किती होता?"

"सदतीस-नऊ."

"मग लिही. आजची तारीख घालून."

छत्तीस-नऊच्या ओळीखाली जरा जागा होती. काट्याने तिथे लिहिलं: त्याच दिवशी, सात वाजून चाळीस मिनिटांनी, सदतीस-नऊ. गोळी घेण्यापूर्वी. नोंद त्या वेळी केली नव्हती, आज केली. खाली तारीख घातली आणि सही केली. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं नाही.

बाईंनी वही आपल्याकडे ओढली. शेजारी त्यांची सही हवी होती. ती झाली की ही हकिकत तोंडी राहणार नव्हती. त्यांनी पेन हातात घेतलं. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला आणि बोट ठेवून ती ओळ वाचली. शेवटाला आल्या, आणि परत सुरुवातीपासून वाचली. काटा टेबलापाशी उभा होता. मग बाईंनी सही केली.